तरंगंबाडीहून नागपट्टणपर्यंत

दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींचा समुद्राशी संबंध तसा पाहुण्यासारखाच. सुटीत मुंबईच्या आप्तांकडे जावे, चौपाटीवर पाय भिजवावेत, गोव्यास कुलदैवताच्या दर्शनाला गेलो तर एखादी संध्याकाळ वाळूत बसून घालवावी, आणि घरी परतावे. समुद्र आमच्यापासून शंभर कोसांवर. तथापि हिंदी महासागराच्या तळाशी धरणी हलली की तिची वार्ता प्रथम ज्या मोजक्या ठिकाणी पोचते, त्यांपैकी एक ठिकाण आमच्याच शहरात आहे. शहराच्या वायव्येस प्रगतीनगर भागात भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, आणि तेथूनच २००७ सालच्या ऑक्टोबरपासून देशाच्या साऱ्या किनाऱ्याला त्सुनामीचे इशारे दिले जातात. कोठी-सुलतानबाजारात आयुष्य गेलेल्या आमच्यापैकी कित्येकांना याची वार्ताही नसते.

हे केंद्र ज्या आपत्तीनंतर उभे राहिले, ती आपत्ती ज्या किनाऱ्याने सोसली, तो किनारा एकदा डोळ्यांनी पाहावा असे बरेच दिवस मनात होते. गेल्या मार्गशीर्षात तो योग आला. तंजावरचे आमचे स्नेही पूर्वीपासून बोलावीत होतेच. तेव्हा प्रथम तंजावर, आणि तेथून कावेरीच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत, असा बेत ठरला.

तंजावरास मराठी माणसाने परकेपणाने जावयाचे नसते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापिले आणि त्यानंतर पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचा अंमल त्या भूमीवर राहिला. सरस्वती महालातील मोडी कागद आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा मराठी वृत्तान्त पाहताना अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. आमच्या यजमानांच्या घरी अजून मराठी बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द सहज मिसळलेले असतात, आणि मधूनच असा एखादा जुना शब्द येतो की बखरीचे पान उघडल्यासारखे वाटते. तेच यजमान पुढील चार दिवस आमचे वाटाडे व दुभाषे झाले.

तंजावरहून कुंभकोणम्‌ व मयिलाडुतुरैमार्गे आपण पूर्वेकडे निघालो की दुतर्फा भाताची हिरवी शेते, पाटांचे पाणी आणि दारोदारी मार्गळीच्या मोठाल्या रांगोळ्या दिसतात. कावेरीने वाहून आणलेल्या गाळाची ही भूमी इतकी सपाट आहे की समुद्र जवळ आला हे डोळ्यांना कळत नाही. वाऱ्याला खारट वास आला म्हणजे कळते. हा सपाटपणा मनात असू द्यावा. पुढील कथेत त्याचा मोठा भाग आहे.

तरंगंबाडी हे लहानसे गाव. तरंगांच्या नादाचे गाव असा त्याच्या नावाचा अर्थ सांगतात. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डेन्मार्कच्या लोकांनी ही जागा मिळविली आणि वाळूच्या काठावर डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. नायकांमागून तंजावर भोसल्यांकडे आल्यावर त्या जागेचा खंड मराठी दरबारात जाऊ लागला. सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ हे पाद्री १७५० मध्ये प्रथम याच गावी उतरले होते. १८४५ मध्ये डेन लोकांनी हे ठाणे इंग्रजांना विकले. किल्ला मात्र पिवळसर भिंती घेऊन आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर मासिलामणिनाथाचे शिवालय आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी पांड्य राजाने ते बांधविले. त्याचा पुढील भाग समुद्राने केव्हाच गिळला. यजमान म्हणाले, “येथे समुद्र रोज थोडे थोडे खातो. त्या दिवशी मात्र एकदम जेवावयास आला.”

तो दिवस म्हणजे २६ डिसेंबर २००४, रविवार, नाताळचा दुसरा दिवस. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्रा बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली प्रचंड भूकंप झाला. त्याची तीव्रता ९.१ किंवा त्याहून थोडी अधिक मानतात. भारताचा भूपट्ट त्या भागात शेजारच्या भूपट्टाखाली वर्षानुवर्षे हळूहळू सरकत असतो. दोन्ही पट्ट परस्परांत अडकले म्हणजे ताण साठत जातो. तो त्या सकाळी सुटला. सुमात्रापासून अंदमानापर्यंत सुमारे १,२०० ते १,३०० किलोमीटर लांबीची भेग काही मिनिटांत उसवत गेली. कोठे समुद्रतळ कित्येक मीटर वर उचलला गेला, तर कोठे जमीन खचली. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाशी, म्हणजे भारताच्या अगदी शेवटच्या भूमीवर, जमीन चार मीटरांहून अधिक खाली गेली आणि तेथील दीपगृहाचा पायथा पाण्यात आला.

समुद्रतळ उचलला की त्यावरचे सारे पाणी उचलले जाते, आणि ते पुन्हा समपातळीवर येऊ पाहते, तीच त्सुनामी. वाऱ्याने उठणारी लाट समुद्राच्या पृष्ठभागापुरती असते; ही लाट तळापासून वरपर्यंत सारे पाणी हलवीत येते. खोल समुद्रात तिचा वेग एखाद्या जेट विमानाइतका असतो, पण उंची इतकी थोडी की वरून जाणाऱ्या होडीला ती कळतही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले म्हणजे वेग घटतो आणि उंची वाढते. त्या सकाळी खोल पाण्यात मासेमारी करणाऱ्या अनेकांना काहीही जाणवले नाही. ते परतले तेव्हा त्यांचे गाव जागेवर नव्हते.

जपानी भाषेत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. तमिळ लोकांनी तिला ‘आळिप्पेरलै’, म्हणजे सागराची महालाट, असे आपले नाव दिले आहे. परंतु किनाऱ्यावरच्या लहान मुलांच्या तोंडीही आज जपानी शब्दच ऐकू येतो. २००४ पूर्वी या किनाऱ्यावरील बहुतेकांनी तो ऐकलाही नव्हता.

तरंगंबाडीहून कारैकाल ओलांडून दक्षिणेस गेले म्हणजे नागपट्टण येते. चोळ राजांच्या काळापासूनचे हे बंदर. गावाच्या दक्षिणेस अक्करैपेट्टै आणि कीचनकुप्पम्‌ ही मच्छीमारांची वस्ती आहे. भारतात त्सुनामीने सर्वांत अधिक बळी घेतले ते याच परिसरात. हिंदी महासागराच्या काठच्या देशांत मिळून सुमारे २,२७,००० माणसे त्या दिवशी गेली. भारतात दहा हजारांवर मृत आणि आणखी हजारो बेपत्ता. त्यांपैकी सहा हजारांहून अधिक मृत्यू एकट्या तत्कालीन नागपट्टणम्‌ जिल्ह्यातले. तरंगंबाडी तेव्हा याच जिल्ह्यात होती.

लाट आली ती सकाळी नवाच्या सुमारास. रविवार असल्याने मुले वाळूत खेळत होती. होड्या परतण्याची वेळ, म्हणून मासळी घेण्यासाठी स्त्रिया काठावर जमल्या होत्या. पुरुषांना पोहता येई, झाडावर चढता येई. लुगडे पाण्याने जड झालेल्या आणि कडेवर मूल असलेल्या बाईला ते कसे जमावे? मृतांत स्त्रिया व मुले अधिक होती, त्याचे कारण हेच. दक्षिणेस वेलांकनीच्या माउलीच्या दर्शनाला नाताळनिमित्त दूरदूरहून यात्रेकरू आले होते. किनाऱ्यावर स्नानास व फिरावयास गेलेले त्यांतील कित्येक परतले नाहीत. मोठमोठ्या यांत्रिक होड्या लाटेने उचलून घरांवर आणि रस्त्यांवर आणून टाकल्या. मघाशी सांगितलेल्या सपाट शेतांत खारे पाणी दूरवर शिरले आणि पुढे कित्येक महिने शेतकरी जमिनीतील मीठ धुऊन काढीत राहिले.

आज तेथे पाहावयास काय आहे? सिमेंटची घरे आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी समुद्रापासून आत, नव्या वसाहतींत आहेत. होड्या रंगविलेल्या, जाळी वाळत घातलेली, बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज, मासळीच्या लिलावाचा गलका. ओळखीच्या कोणी दाखविल्यावाचून परक्याला काहीच कळू नये, इतके जीवन पूर्ववत चालू आहे. परंतु दर वर्षी २६ डिसेंबरला या किनाऱ्यावरील मच्छीमार होड्या पाण्यात लोटीत नाहीत. स्त्रिया समुद्राला दूध व फुले वाहतात आणि मोठ्याने रडतात. ज्याने नेले त्यालाच वाहावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याचकडे पोट भरावयास जावयाचे.

आत वसविलेल्या घरांचा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. मच्छीमाराला समुद्र डोळ्यांसमोर असावा लागतो. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा आणि मासळीची चाहूल तो अंगणातून पाहतो. होडी व जाळी नजरेआड ठेवणे त्यास परवडत नाही. म्हणून कित्येकांनी रात्री निजावयास नवे घर आणि दिवसा राहावयास काठावरची झोपडी अशी वाटणी केली आहे. त्यांना अविचारी म्हणणे सोपे आहे. पण मुशीला १९०८ मध्ये महापूर आला, सुमारे पंधरा हजार माणसे गेली, म्हणून आमच्या हैदराबादकरांनी तरी नदीकाठ कोठे सोडला?

या सर्वांत मनाला खरोखर डाचते ती एक साधी वजाबाकी. भूकंप साडेसहाला, लाट नवाच्या सुमारास. मध्ये जवळजवळ अडीच तास! मद्रासेत कित्येकांना पहाटेचा तो धक्का जाणवलाही होता. कार निकोबारच्या हवाई तळावर पाणी शिरल्याचा संदेश मुख्य भूमीवर लाटेच्या आधी पोचला होता. गाव सपाट असले तरी एक-दोन किलोमीटर आत चालत जावयास अर्धा तास पुरे. परंतु साडेसहाच्या घटनेचा नवाच्या लाटेशी काही संबंध आहे, हे किनाऱ्यावर जाऊन सांगणारे कोणी नव्हते. पहिल्या लाटेनंतर समुद्र दूर ओसरला, तेव्हा उघडा पडलेला तळ पाहावयास कित्येक ठिकाणी लोक पुढे गेले. आणि त्यांमागून आली ती अधिक मोठी लाट.

याच किनाऱ्यावर, पुदुच्चेरीजवळील नल्लवाडु या गावी, वेगळे घडले. गावचा एक तरुण सिंगापुरात नोकरीस होता. तेथील दूरदर्शनवर त्याने भूकंपाची व लाटांची बातमी पाहिली आणि घरी दूरध्वनी केला. घरच्यांनी गावकऱ्यांना सांगितले. गावात डॉ. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानाच्या साह्याने माहिती केंद्र चालविले जात होते. तेथून एरवी हवामान आणि मासळीचे भाव सांगितले जात. गावकऱ्यांनी तेथील ध्वनिक्षेपकावरून सर्वांना निघून जाण्यास सांगितले, आणि साडेतीन हजारांवर वस्तीचे ते गाव वाचले. एक दूरध्वनी आणि एक ध्वनिक्षेपक, एवढेच साहित्य! पण तो ध्वनिक्षेपक रोजच्या कामाचा होता आणि त्याचा आवाज गावाच्या विश्वासातला होता.

आता आमच्या हैदराबादच्या केंद्राकडे वळू. देशातील व देशाबाहेरील भूकंपमापक केंद्रांच्या नोंदी तेथे अहोरात्र येत असतात. भूकंप कोठे झाला, किती खोल, किती मोठा, हे काही मिनिटांत ठरते. समुद्रतळावर ठेवलेली दाबमापक यंत्रे वरून लाट गेली की पाण्याच्या दाबातील सूक्ष्म फरक टिपतात आणि तरंगत्या बोयांमार्फत उपग्रहाकडे पाठवितात. किनाऱ्यावरील भरतीमापक यंत्रे पाण्याची पातळी कळवितात. आधीच गणित करून ठेवलेल्या अनेक शक्यतांशी हे सारे ताडून, कोणत्या किनाऱ्यास केव्हा व किती धोका, याचे पत्रक निघते. ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्याबरोबर भारतही आज हिंदी महासागराच्या काठच्या इतर देशांना हा इशारा पुरवितो.

११ एप्रिल २०१२ रोजी या व्यवस्थेची मोठी कसोटी लागली. दुपारी दोनच्या सुमारास सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. हैदराबादहून आठ मिनिटांत पहिले पत्रक निघाले. पूर्व किनाऱ्यावर माणसे घरे सोडून आत निघाली. पण त्या वेळी भूपट्ट आडवे सरकले होते. समुद्रतळ फारसा वर उचलला गेला नव्हता. म्हणून मोठी लाट उठली नाही आणि काही तासांनी इशारा मागे घेण्यात आला. शास्त्राच्या दृष्टीने सर्व काही उत्तम पार पडले होते.

नागपट्टणच्या धक्क्यावर जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याजवळ आमच्या यजमानांनी हा विषय काढला. हातातली सुई न थांबविता तो म्हणाला, “अय्या, भोंगा वाजला तर आम्ही धावू. धावलोही. पण दोनदा धावून पाणी आले नाही, तर तिसऱ्यांदा आमचा नातू धावेल का? त्याने ते पाणी पाहिलेले नाही.”

या प्रश्नाचे उत्तर यंत्रात नाही. आमच्या मते या साऱ्या किनाऱ्याचे भवितव्य त्या प्रश्नावर अवलंबून आहे. इशारा आठ मिनिटांत निघेल. पण तो ऐकून पाय उचलला जाण्यास मनात काहीतरी आधीपासून असावे लागते. २००४ नंतर जन्मलेली मुले आज स्वतः होड्या लोटीत आहेत. त्यांच्या मनात ते कोण घालणार?

समुद्राने यापूर्वी सांगितलेच नव्हते असेही नाही. तरंगंबाडीच्या उत्तरेस पूंपुहार, म्हणजे प्राचीन कावेरीपट्टिनम्‌. हे नगर समुद्राने गिळल्याची कथा ‘मणिमेखलै’ या जुन्या तमिळ काव्यात आहे. १८८१ च्या ३१ डिसेंबरला कार निकोबारजवळ भूकंप होऊन उठलेल्या लाटा भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील भरतीमापकांनी नोंदल्या होत्या. पण त्या लहान होत्या, म्हणून विस्मरणात गेल्या. आमच्या पश्चिम किनाऱ्याची गोष्टही निराळी नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटरांची लाट येऊन पंधरा माणसे वाहून गेली. मुंबईच्या किती घरांत आज ही आठवण निघत असेल?

याउलट सुमात्राजवळील सिमुलू बेटाचे पाहा. १९०७ मध्ये तेथे अशीच लाट येऊन फार मनुष्यहानी झाली. बेटवासीयांनी त्या लाटेला ‘स्मोंग’ हे नाव दिले आणि ती कथा अंगाईत, गाण्यांत, आजीच्या गोष्टींत ओवली: मोठा भूकंप झाला आणि समुद्र ओसरला की डोंगराकडे पळावे. सत्त्याण्णव वर्षांनी, २००४ मध्ये, भूकंपाच्या अगदी जवळ असूनही सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार वस्तीच्या त्या बेटावर केवळ सात माणसे दगावली. तेथे ना भोंगा होता, ना उपग्रह.

परतण्यापूर्वी यजमानांनी आम्हांस वेलांकनीच्या दक्षिणेस, वेदारण्यम्‌च्या वाटेवरील नालुवेदपती गावी नेले. २००२ मध्ये विक्रम करावा म्हणून या गावाने एका दिवसात ऐंशी हजारांहून अधिक रोपे लावली होती. दोन वर्षांत लाट आली, तेव्हा सुरूच्या कोवळ्या बनाने तिचा जोर पुष्कळ मोडला आणि आसपासच्या मानाने गावाची हानी फार कमी झाली. गोव्यात दोनापावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही पुढे तमिळनाडूचा किनारा पाहून सांगितले की वाळूच्या टेकड्या व झाडी जेथे शाबूत होती तेथे मागील भूमीस आडोसा मिळाला. कोकणात आणि गोव्यात सुरूची बने व वाळूचे उंचवटे सपाट करून हॉटेले उठताना आपण पाहतो, त्या सर्वांनी हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

हैदराबादच्या केंद्राचे एक काम आम्हांस त्सुनामीच्या इशाऱ्याइतकेच मोलाचे वाटते. मासळीचे थवे कोठे सापडण्याचा संभव आहे आणि समुद्र किती खवळेल, याची सूचना तेथून मच्छीमारांना नेहमी दिली जाते. ज्या आवाजाने मासळी दाखविली, त्याच आवाजाने उद्या ‘पळा’ म्हटले तर माणूस पळेल. नल्लवाडुच्या ध्वनिक्षेपकाने हेच शिकविले. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांनी तर निघून जाण्याच्या वाटा आखून, फलक लावून, पुनःपुन्हा सराव करून २०२० मध्ये ‘त्सुनामीसाठी सज्ज गाव’ अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळविली. पाणी न आलेला दिवस त्यांनी फसवणुकीचा मानला नाही; सरावाचा मानला. त्या वृद्ध कोळ्याच्या प्रश्नाचे आम्हांस सापडलेले उत्तर एवढेच आहे.

आपल्या वाचकांपैकी कोणी पुरीस जातील, कोणी गोव्यास, कोणी कन्याकुमारीस. मुलांना शिंपले वेचू द्यावेत, लाटांत उड्या मारू द्याव्यात. त्यांना एवढेच सांगून ठेवावे की किनाऱ्यावर असताना भूकंपाचा मोठा वा बराच वेळ टिकणारा धक्का जाणवला, समुद्र अचानक ओसरला, किंवा पाण्याकडून न ऐकलेला गडगडाट आला, तर इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर वा आत निघावे. आणि एक लाट येऊन गेली तरी काही तास माघारी येऊ नये, कारण पुढील लाट अधिक मोठी असू शकते. आजीआजोबांनी हे एकदा गोष्टीत गुंफून सांगितले तर ते मुलांच्या लक्षात राहील.